शेवट सांगायचा नाही

आमच्या पद्मावती अपार्टमेंटमध्ये एक नियम होता. दर शनिवारी खालच्या हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा, आणि ज्यानं तो आधी बघितला असेल त्यानं शेवट सांगायचा नाही. चुकून तोंडातून निघालाच, तर त्यानं हॉलमधल्या सगळ्यांना चहा करून पाजायचा. हा नियम घोरपडे सरांचा. सर हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक, कोणाला तरी शिक्षा केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी स्वतः दोनदा चहा पाजलाय. माझी बायको त्रिशला हिच्यावर ती पाळी कधीच आली नाही, तिच्या पोटात गोष्ट राहायची. आता वाटतं, तिच्या पोटात जरा कमी राहायला हवं होतं.

मी अभिनंदन मगदूम. मिरजेत स्टेशन रोडला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. पुढं जे झालं त्यातला निम्मा भाग माझ्या हातचा आहे, म्हणून मीच सांगतो.

सहा वर्षांपूर्वी सगळ्या मोठ्या स्टुडिओंनी एकत्र येऊन मोजणीडबी आणली. त्यांच्या भाषेत तिचं नाव वेगळं होतं, लांबलचक आणि गोड. लोकांनी मोजणीडबी केलं. टीव्हीखाली ठेवायची, साबणाच्या वडीएवढी, आणि ती नसेल तर नवा सिनेमा घरात लागायचाच नाही. एका तिकिटावर तीन माणसं. चौथं माणूस खोलीत आलं की पडदा काळा आणि त्यावर विनंती, की जादा प्रेक्षकानं कृपया तिकीट घ्यावं.

डबीचं शास्त्र अवघड नाही. वायफायच्या असतात तसल्याच रेडिओलहरी ती खोलीत सोडते. माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, त्यावर आपटून या लहरी मागं फिरतात. भिंतीवरून, कपाटावरून, सोफ्यावरूनही फिरतात, पण त्या सदासर्वदा सारख्याच. जे बदलत नाही ते सगळं डबी वजा करून टाकते. उरतं ते हलणारं. आणि जिवंत माणूस कितीही गप्प बसला तरी हलतोच. श्वासानं त्याची छाती वर-खाली होते, हृदयाच्या ठोक्यानं त्याहून बारीक थरथर होते. डबी ती थरथर मोजते. तीन थरथरी म्हणजे तीन प्रेक्षक.

आमच्या इमारतीतल्या नदाफांच्या सुनेला आठवा महिना लागला आणि त्यांच्या घरी सिनेमा लागेना. घरात माणसं तीन, डबी मोजायची चार. नदाफभाभींनी, म्हणजे तिच्या सासूनं, डबीच्या कंपनीला कळवलं. कंपनीचं उत्तर आलं, की चौथ्या प्रेक्षकाचं तिकीट घ्यावं किंवा त्याला खोलीबाहेर थांबवावं. भाभींनी ते पत्र हॉलच्या फळ्यावर लावलं होतं. आम्ही हसलो, पण खरं म्हणजे सगळेच पेटलो होतो. पाहुणे आले की सिनेमा बंद. हळदीकुंकवाला बायका आल्या की बंद. घेतलेला सिनेमा दोन दिवसांत आपोआप पुसला जायचा, आणि काही तर पुण्यात दिसायचे पण मिरजेत नाही. हॉलमध्ये चाळीस माणसं बसायची, तिथं चाळीस तिकिटं कोण काढणार. शनिवारचा सिनेमा बंद पडला.

मग आम्ही हौजी खेळून बघितली. गाण्याच्या भेंड्या लावल्या, तर तिसऱ्या शनिवारी तीच गाणी. लोक खुर्च्यांवर बसायचे आणि काळ्या पडद्याकडं बघत बसायचे. मला राग यायचा. मी आयुष्यभर पडदे दुरुस्त केलेला माणूस, आणि हा पडदा धडधाकट असून काळा होता.

त्या रागात मी दुकानात एक डबी उघडली. सिनेमाचं कुलूप फोडायचा विचार होता. ते काही फुटलं नाही, पण दुसरंच सापडलं. डबी नुसती आकडा मोजत नव्हती. आकडा काढण्यासाठी आधी ती प्रत्येक माणसाची आकृती तयार करायची, डोकं, खांदे, हात, गुडघे, आणि मोजून झाल्यावर फेकून द्यायची. ती फेकायच्या आधी मी पडद्याकडं वळवली. माझ्या दुकानात मी स्वतःला बघितलं, पांढऱ्या रेषांचा माणूस, हातात काही नाही. खरं तर हातात पकड होती. पण पकडीत पाणी नसतं, ती दिसत नाही. आणि माझ्या शेजारी आणखी एक रेषांचा माणूस वाकून काहीतरी करत होता. तो भिंतीपलीकडचा शिंपी होता.

भिंत या लहरींना अडवत नाही. म्हणून तर वायफाय स्वयंपाकघरापर्यंत पोचतं. मोजताना डबी फक्त आपल्या खोलीतली माणसं धरते, पण टिपते पलीकडचीही. मी तिथं स्टुलावर बसून अर्धा तास त्या शिंप्याकडं बघत राहिलो, आणि खोटं कशाला बोलू, बऱ्याच महिन्यांनी मला मजा आली.

पुढच्या शनिवारी इमारतीतल्या सगळ्या डब्या मी हॉलच्या पडद्याला जोडल्या. रेषांची माणसं घराघरांत हिंडायला लागली आणि हॉलमध्ये जी शांतता पसरली ती सिनेमाला कधी पसरली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ एकटेच नाचत होते. एका घरी सासू-सून समोरासमोर हातवारे करत होत्या, आवाज नाही, त्यामुळे भांडणातले शब्द आम्हीच घालत होतो. लोक पोट धरून हसले. शेजाऱ्यावर कुठल्याही स्टुडिओचा हक्क नव्हता. तिकीट नाही, दोन दिवसांची मुदत नाही, चाळीस माणसं बसा की ऐंशी.

सरांनी लगेच नियम केले. प्रत्येक घराकडून संमतीची एक सही. जो हॉलमध्ये बसलाय त्याचं घर दाखवायचं नाही, उगाच तंटा नको. आणि जुना नियम तोच राहिला. कोणाच्या घरात काय दिसलं ते त्याला जाऊन सांगायचं नाही.

आमच्या घराची सही मी केली. त्रिशलाला विचारलं नव्हतं. तिला कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "अहो, माझ्या घरात मला कोण बघतंय हे मला कळायला नको व्हय?"

मी म्हटलं, नुसत्या रेषा दिसतात, चेहरा नाही, कपडे नाहीत, लाज वाटण्यासारखं त्यात काय आहे. ती म्हणाली, मग बघण्यासारखं तरी काय आहे. मी आवाज चढवला. ती हॉलमध्ये कधी आली नाही. मी मात्र रोज संध्याकाळी जायला लागलो. लोक मला मान द्यायचे. टीव्हीवाला मगदूम म्हणणारे आता मगदूमसाहेब म्हणायला लागले.

एक दिवस समोरच्या घरातल्या कोळेकर वहिनींनी तक्रार केली. प्रत्येक आकृतीखाली एक हिरवी रेघ नाचत असते, तिच्यामुळं पाय दिसत नाहीत. ती हृदयाच्या ठोक्याची रेघ होती. डबी कंपनीला माणसं मोजून देते ती तिच्याच जोरावर. मी दोन मिनिटांत ती काढून टाकली. चित्र स्वच्छ झालं, सगळ्यांनी वाहवा केली, आणि त्या दिवशी मी घरी गेलो ते शीळ घालत.

हॉल आता दुपारीही भरायला लागला होता. मी दुकानात असायचो. पेन्शनवाले, बायका, रजेवरचे, सगळे साडेतीनला यायचे. मी हॉलमध्ये नाही आणि त्रिशला तर कधीच नाही, म्हणजे आमचं घर रोज दुपारी पडद्यावर दाखवायला मोकळं. पुढं कळलं, सगळ्यात जास्त बघितलं जाणारं घर आमचंच होतं.

त्याच सुमाराला त्रिशला म्हणाली, जबडा दुखतोय. मी तिला दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी फोटो काढला आणि दात ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. आठवड्यानं ती पुन्हा म्हणाली, डावीकडं दुखतंय, खाली खांद्यापर्यंत जातंय. मी म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरांकडं जाऊ, पण या आठवड्यात नको, आख्ख्या मिरजेतून डब्या येऊन पडल्यात दुकानात. ती बरं म्हणाली. ती नेहमी बरंच म्हणायची.

इमारतीतले लोक माझ्याशी जरा वेगळं वागायला लागले होते. जिन्यात कोणी माझा खांदा थोपटायचं. नदाफभाभींनी खिरीचा डबा दिला, काही कारण नसताना. कोळेकर वहिनी एकदा म्हणाल्या, "भावजी, दुपारचं जरा घरी येत जावा की अधनंमधनं," आणि त्यांच्या मागं उभ्या असलेल्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. सरांनी वहिनींकडं डोळे वटारून बघितलं. मला वाटलं, थट्टा चाललीय. माझ्या कामाचं लोकांना कौतुक आहे असं मी धरून चाललो होतो.

काय चाललं होतं ते मला फार नंतर कळलं. रोज साडेतीनला त्रिशला गच्चीवरचे वाळलेले कपडे आणायला जायची. गच्ची चौथ्या मजल्यावर, आमचं घर दुसऱ्या. कपडे घेऊन परत आली की स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसायची, डावा हात जबड्याला लावून, मान कलती करून, दहा-पंधरा मिनिटं. मग उठून कामाला लागायची. पडद्यावर वस्तू दिसत नाहीत, माणसं दिसतात. हॉलमधल्या लोकांना दिसत होतं ते एवढंच, की एक बाई रोज ठरल्या वेळी, नवरा घरी नसताना, हात कानाशी धरून भिंतीला टेकून बसते. त्यांनी त्या हातात फोन घातला. मग फोनच्या पलीकडं एक माणूस घातला. एक जण म्हणाला, तिच्या माहेरचा कोणी असेल, निपाणीचा. दुसऱ्यानं सांगितलं, फोन ठेवल्यावर ती छातीला हात लावते, म्हणजे प्रकरण पुढं गेलंय. आठ आठवडे ही गोष्ट चालली होती. चाळीस माणसं मुरंबा मुरवावा तशी ती मुरवत होती, आणि मला एकानंही सांगितलं नाही, कारण शेवट सांगायचा नाही.

दुखणं मला माहीत होतं, वेळ त्यांना माहीत होती. चढ-उतार केल्यावर रोज जबडा दुखतो आणि बसलं की दुखणं थांबतं, हे एकत्र ऐकलं असतं तर मिरजेतल्या कुठल्याही रिक्षावाल्यानं तिला दातांच्या डॉक्टरांकडं नेलं नसतं. या गावात दर गल्लीला दवाखाना आहे. हृदयाचं मोठं हॉस्पिटल आमच्या चौकातून दिसतं.

तो गुरुवार होता. सातला दुकान बंद करून मी घरी आलो. हॉलचं दार उघडं होतं, आत नेहमीपेक्षा जास्त गर्दी, पण मी दिसल्यावर कोणी हाक मारली नाही. सगळे पडद्याकडं बघत होते आणि पडद्यावर तेव्हा काही नव्हतं. मी जिना चढलो. किल्ली फिरवली, दार चार बोटं उघडलं आणि अडलं. मी ढकललं. पलीकडं काहीतरी जड होतं. खांदा लावून ढकलत होतो तेव्हा खालून हसण्याचा आवाज आला, ते मला स्वच्छ आठवतंय.

फटीतून मी कसाबसा आत शिरलो. त्रिशला दाराला लागून पडली होती. अंग गार होतं. कपड्यांचा ढीग स्वयंपाकघरात भिंतीपाशी तसाच होता, घडी न केलेला. तिचा फोन आतल्या खोलीत पलंगाशेजारी चार्जिंगला लावलेला होता. मी तिला मांडीवर घेतलं आणि ओरडलो, काय ओरडलो ते माहीत नाही.

हॉलमध्ये काय दिसलं ते मला नंतर कोळेकर वहिनींनी सांगितलं. पडद्यावर एकच माणूस होता. तो दारातून आत घुसला, गुडघ्यावर बसला, आणि रिकाम्या जमिनीवरून काहीतरी उचलून छातीशी धरून हलायला लागला. त्याच्या हातात काही नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा सरांनी पडदा बंद केला.

डबी श्वास घेणारं माणूस दाखवते. श्वास थांबला की अर्ध्या मिनिटात ती त्याला कपाटात, सोफ्यात, भिंतीत जमा करते आणि वजा करते. ही गोष्ट इमारतीत एकट्या मलाच माहीत होती, आणि मी हॉलमध्ये नव्हतो.

डॉक्टर म्हणाले, दुपारीच केव्हातरी झालं. केव्हा, ते त्यांना नक्की सांगता येईना. झटक्यात झालं की वेळ लागला, तेही सांगता येईना. लोक येऊन बसून गेले, सुतक फिटलं, आणि हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. झटक्यात झालं असेल तर ते कोणाच्याच हातात नव्हतं. मग मी या लोकांकडं बघू शकलो असतो, आणि आरशातही. वेळ लागला असेल तर.

मला त्या दुपारचं चित्रण बघायचं होतं. आमच्याकडं काही साठवलेलं नव्हतं. पण डब्या कंपनीच्या होत्या, आणि मी एक उघडली म्हणून कंपनी झोपली होती असं थोडंच आहे. करारात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, डबीनं टिपलेलं सगळं कंपनीच्या मालकीचं. मी अर्ज केला. मरण पावलेली व्यक्ती माझी पत्नी होती असं लिहिलं, मृत्यूचा दाखला जोडला. महिन्यानं उत्तर आलं, आभार मानलेले होते. आमच्यासारख्या इमारतींमधली हजारो चित्रणं स्टुडिओंनी एकत्र केली होती. लोक सिनेमा सोडून शेजारी बघतात हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं, आणि आता त्यांची मालिका निघणार होती, नटनट्यांशिवाय. मागितलेलं चित्रण त्या मालिकेसाठी राखून ठेवलंय, असं पत्रात होतं.

मालिका दिवाळीत आली. मी एकट्याचं तिकीट काढलं. आमच्या दुपारचा भाग मला यादीत नावावरूनच ओळखू आला, त्याचं नाव फोनवरून ठेवलं होतं, त्यांनीही तिच्या हातात फोनच घातला होता. लावला, तर पडदा काळा झाला आणि अक्षरं आली: हा भाग आपल्या जिल्ह्यात उपलब्ध नाही.

मी पुण्याला गेलो नाही. म्हणजे निघालो होतो, बस स्टँडवर जाऊन उभाही राहिलो. मग वाटलं, अनोळखी लॉजवर बसून पैसे भरून तिला बघायचं, आणि ज्यांनी फुकटात बघितलं ते माझ्याच जिन्याखाली बसलेत. शनिवार होता. मी परत फिरलो आणि सरळ हॉलमध्ये गेलो.

त्रिशलानंतर आकृत्या दाखवणं त्यांनी बंद केलं होतं. हौजी चालली होती. मला बघून आकडे पुकारणाऱ्या नदाफभाभी थांबल्या. मी खुर्ची ओढून मधोमध बसलो आणि म्हटलं, "मला शेवट सांगा."

सरांनी चष्मा पुसायला काढला. मग कोळेकर वहिनी हळू म्हणाल्या, "बसा, भावजी. सांगते."

त्यांनी सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. पावणेचारला ती गच्चीवरून आली. नेहमीच्या जागी बसली, हात कानाला. सर मध्येच म्हणाले, पावणेचार नाही, पावणेचारला मी गोळी घेतो, ती घेऊन झाली होती, चाराला दहा कमी असतील. वहिनी म्हणाल्या, बरं, दहा कमी. मग ती आडवी झाली. कोणीतरी म्हणालं, आज गप्पा लांबल्या. मग ती गुडघ्यांवर आली आणि रांगत दाराकडं निघाली. "चपला शोधतीय असं आम्हाला वाटलं," भाभी म्हणाल्या. "निघाली असं वाटलं."

मी विचारलं, दारापर्यंत जायला तिला किती वेळ लागला. वहिनी म्हणाल्या, दहा मिनिटं. मागून कोणी म्हणालं, जास्त, मध्ये दोनदा थांबली होती. बोलता बोलता त्यांच्या आवाजातला काप निघून गेला होता. मागच्या रांगेतली माणसं खुर्च्या पुढं सरकवून घेत होती. मी ते बघत होतो आणि तरीही विचारत होतो, मग पुढं काय झालं.

पुढं तिनं हात वर केला, दाराच्या लॅचकडं. हात पोचला नाही. पुन्हा केला. दोनदा केला असं वहिनी म्हणाल्या, भाभी म्हणाल्या तीनदा, आणि त्यावर थोडा वाद झाला. शेवटी तीनदा ठरलं. मग ती दारापाशी बसून राहिली, आकृती पुसट होत गेली आणि दिसेनाशी झाली. गच्चीवरून आल्यापासून धरलं तर सगळं मिळून पाऊण तास. सर म्हणाले होते, गाठलं बाई तिनं, गेली घराबाहेर. कोणीतरी टाळ्या वाजवल्या होत्या. कोणी, ते मी विचारलं. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं.

कोळेकरांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत पाच पावलं आहेत. त्या पाऊण तासात वहिनी खाली हॉलमध्ये होत्या, पहिल्या रांगेत. मी सात वाजता यायचो, म्हणून सगळे सातपर्यंत थांबले होते. मला कळल्यावर मी काय करतो ते बघायचं होतं.

सांगून संपलं. कोणी रडलं नाही, मीही नाही. वेळ लागला होता, पाऊण तास, हे मला आता माहीत होतं, आणि ते ऐकून काय करायचं हे मी ठरवून आलो नव्हतो. मग वहिनी उठल्या, पदर खोचला, कोपऱ्यातल्या शेगडीवर मोठं पातेलं चढवलं. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. शेवट सांगणाऱ्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, वीस वर्षांची सवय. आलं ठेचल्याचा आवाज आला, कप खुळखुळले, आणि हॉलमध्ये लोक हळूहळू एकमेकांशी बोलायला लागले.

पहिला कप त्यांनी मला दिला. विचारलं, साखर बरोबर आहे ना. मी बरोबर आहे म्हटलं, सगळा प्यायलो आणि कप विसळून जागेवर ठेवला.